टोपीसकट दोन अडतीस

आधी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. गाडीचा काहीही दोष नव्हता. गाडी चांगली होती, पांढरी होती, आत दोन माणसं झोपतील एवढा पलंग, ओंजळीएवढं सिंक, दोन शेगड्या, ओढली की टेबल होणारी फळी, आणि छतावर एक्झॉस्ट पंखा, त्याच्यावर प्लॅस्टिकची टोपी. दोष असलाच तर उंचीचा. आणि उंचीचं कसं असतं, कशाच्या तरी खालून जायची वेळ येईपर्यंत ती कोणाला कळत नाही. माणसाचंही तसंच, पण ते जाऊ दे.

गाडी मिलिमीटरकाकांची. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर आहे. चौतीस वर्षं नगरपालिकेच्या नकाशा विभागात काढली, आणि त्या चौतीस वर्षांत ज्युनियर लोकांना एकच वाक्य ऐकवलं : "टेबलावर बसून मोजू नका, जागेवर जा." लोक उन्हातान्हात जागेवर जायचे आणि जाताना त्यांना मिलिमीटर म्हणायचे. रिटायर झाल्यावर सगळे खुर्चीत बसतात, काकांनी कॅम्परव्हॅन घेतली. सोमवारी गाडी आली. पुढच्या सोमवारी काकूंना घेऊन निघायचं, दीड महिना, जिथे आवडेल तिथे थांबायचं, असा बेत. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि एकतीस वर्षं काका म्हणत होते, पुढच्या वर्षी जाऊ.

आता काकूंचं बघा. काकू भांडत नाहीत. काकू पर्याय ठेवतात. त्यांची धाकटी बहीण एका टूरबरोबर चालली होती. एसी बस, गाइड, सकाळचा नाश्ता हॉटेलात. त्या बसमध्ये तिच्या शेजारची एक सीट रिकामी होती. एकच. रविवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही सांगायचं होतं.

"एकच सीट आहे?" काकांनी विचारलं.

"एकच."

"मग मी?"

"तुमच्याकडे गाडी आहे ना," काकू म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या.

तर हे असं होतं. काकांना दीड महिना एकट्याने त्या पलंगावर झोपायचं की काकूंबरोबर, हे रविवारी बाराला ठरणार होतं.

मंगळवारी दोघं गादीची चादर घ्यायला बाजारात गेली. पार्किंग तळघरात, आणि तोंडाशी दोन साखळ्यांना टांगलेला आडवा पिवळा दांडा. त्यावर लिहिलेलं, उंची २.३० मीटर. गाडी टोपीसकट दोन अडतीस. आता साधा माणूस इथे थांबला असता. पण काका साधा माणूस नव्हते, काका खात्यातले होते. खात्यात पद्धत अशी की पाटीवर लिहिताना दहा सेंटीमीटर हात राखून लिहायचं, म्हणजे एखादा मूर्ख घुसलाच तर वाचतो. काकांनी आयुष्यभर अशा पाट्या लिहून घेतल्या होत्या. म्हणजे दोन तीस लिहिलंय, तर असणार दोन चाळीस. दोन सेंटीमीटर शिल्लक. काकांनी पहिला गिअर टाकला.

ठण्ण.

पाटी लिहिणाऱ्याने हात राखला नव्हता. जे होतं ते लिहिलं होतं. इतका प्रामाणिकपणा काकांनी सरकारी कामात पाहिला नव्हता, त्यामुळे ते गाफील राहिले.

पार्किंगवाला खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "काका, वाचता येतं ना?"

काकांचे कान लाल झाले. "मला शिकवू नका. आठ सेंटीमीटरचा प्रश्न आहे फक्त."

"प्रश्न तुमचा आहे काका. सेंटीमीटर आमचे आहेत."

मागे सात गाड्या. सातही जणांना मागे जावं लागणार, त्याशिवाय काका मागे येणार नाहीत. सगळे हॉर्न वाजवायला लागले. शेवटी काकू खाली उतरल्या, पर्स काखेत मारली आणि शेवटच्या गाडीपासून सुरुवात केली. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, अहो डावीकडे म्हणजे तुमच्या डावीकडे, हां, बस." वीस मिनिटांत सातही गाड्या बाहेर. एका गाडीवाल्याने तर जाता जाता त्यांना थँक्यू मॅडम म्हटलं. काकांना कोणी काही म्हटलं नाही. चादर राहिली ती राहिलीच.

"काही नाही," परत येताना काका म्हणाले, "आपल्या गेटखालून जाते म्हणजे झालं."

आणि गेटबद्दल काकांना खात्री होती, कारण ते गेट त्यांचंच. म्हणजे मालकीचं नाही, कल्पनेचं. अठरा वर्षांपूर्वी बिल्डिंग नवी होती, काका कमिटीवर होते आणि आवारात मोठे ट्रक घुसायला लागले होते. तेव्हा काकांनी स्वतः नकाशा काढून गेटवर लोखंडी आडवी तुळई बसवून घेतली. बरोब्बर दोन चाळीस. नकाशा अजून कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. गाडी घ्यायच्या आधी काकांनी तो बाहेर काढला, फूटपट्टी लावली, दोन चाळीस वाचलं, गाडी दोन अडतीस, दोन सेंटीमीटर शिल्लक, आणि समाधानाने पिशवी परत ठेवली. सोमवारी गाडी आली तेव्हा गेटसमोर कोणाचं तरी सामान उतरत होतं म्हणून बाहेर रस्त्यावरच लावली. मंगळवारी मात्र वॉचमनने गेट सताड उघडलं, काकांनी ऐटीत वळण घेतलं, आणि वॉचमन दोन्ही हात वर करून धावत आला.

"काका, थांबा! नाही जात!"

"जाते," काका म्हणाले. "दोन सेंटीमीटर शिल्लक आहेत."

"काका, खाली उतरून बघा."

काका खाली उतरले. बघितलं. टोपी तुळईच्या खाली नव्हती. टोपी तुळईच्या समोर होती. काकांनी खिशातून टेप काढली आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा ते गेट मोजलं. दोन बत्तीस. पुन्हा मोजलं. दोन बत्तीस. लोखंड काही खाली येत नाही, आलाच असेल तर रस्ता वर आला असेल. आणि तो आलाच होता. तीन वेळा डांबर पडलं होतं, जुन्यावर नवं, नव्यावर आणखी नवं. अठरा वर्षांत आठ सेंटीमीटर. रोज सकाळी काका त्याच डांबरावरून चालायला जायचे, म्हणजे तेही आठ सेंटीमीटर वर गेले होते, पण कळलं नाही.

काका लगेच सेक्रेटरींकडे गेले. तुळई काढा म्हणायला.

आता सेक्रेटरींचं आणि काकांचं एक जुनं प्रकरण आहे. नऊ वर्षांपूर्वी सेक्रेटरी, तेव्हा नुसतेच तळमजल्यावरचे सभासद, टेंपोतून एक कपाट घेऊन आले होते. सासऱ्यांनी दिलेलं, सागवानी, आरशाचं. टेंपो तुळईला अडला. तेव्हा आत जायला मागची मोठी वाट होती, पण ती फक्त कमिटीच्या परवानगीने उघडायची. काकांनी टेंपोला टेप लावली आणि म्हणाले, नियम म्हणजे नियम. चार माणसांनी ते कपाट गेटपासून उचलून आणलं. आरसा पायरीवर फुटला. नंतर मागच्या वाटेवर पंपाची खोली झाली आणि सेक्रेटरी सेक्रेटरी झाले. ते या दिवसाची वाट बघत होते असं कोणी म्हणणार नाही, पण ठरावाचं रजिस्टर त्यांच्या टेबलावर आधीच काढून ठेवलेलं होतं.

"वाचून दाखवू का साहेब?" ते म्हणाले. "'गेटवरील तुळई कोणाही एका सभासदाच्या सोयीसाठी काढली, कापली वा उचलली जाणार नाही.' खाली सही आहे. ओळखता का सही?"

काकांनी चष्मा लावून सही बघितली. चांगली, ठसठशीत, उजवीकडे किंचित चढती सही होती.

"अक्षर सुंदर आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि रजिस्टर मिटलं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता गाडीच्या काचेवर वाहतूक खात्याची पिवळी नोटीस चिकटली. या आकाराचं वाहन रस्त्यावर बहात्तर तासांपेक्षा जास्त उभं ठेवता येणार नाही, नंतर उचलून नेण्यात येईल. काकांनी बोटं मोजली. बहात्तर तास म्हणजे रविवार, दुपारी बारा. काकूंनीही नोटीस वाचली. सावकाश, दोनदा.

"अहो, मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "जी गाडी स्वतःच्या घरी येऊ शकत नाही, ती मला घेऊन कुठे जाणार?"

काका उत्तराची जुळवाजुळव करायला लागले. पण काकू ते ऐकायला थांबल्या नाहीत.

आता बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी सल्ला. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टोपी काढून टाका की. जणू दाढ आहे. टोपी काढली तर छताला पाटाएवढं भोक राहतं, आणि ती टोपी काकूंची अट होती, फोडणीचा वास अंथरुणाला लागता कामा नये म्हणून. बँकवाले म्हणाले, गाडी आडवी करून आत घेता येईल का बघा. त्यांनी हे पूर्ण गंभीरपणे सांगितलं, आणि इतकी वर्षं यांनी लोकांची लोनं कशी पास केली असतील हा प्रश्न काकांना पहिल्यांदाच पडला. शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मात्र कामाचं सांगितलं : मागच्या गल्लीत एका आजोबांचं गॅरेज रिकामं आहे, भाड्याने देतात.

काका या वेळी जागेवर गेले. गॅरेज बंद होतं, आजोबा जेवत होते, तर काकांनी वेळ न घालवता शटर बंद असतानाच दाराची चौकट मोजून घेतली. दोन पन्नास! बारा सेंटीमीटर शिल्लक! धावत जाऊन गाडी आणली. आजोबांनी हात धुतले, कुलूप काढलं, शटर वर ढकललं. आणि शटर वर गेलं म्हणजे कुठे जाणार? ते वर जाऊन स्वतःभोवतीच गुंडाळलं आणि ती एवढी मोठी गुंडाळी चौकटीतून खाली लोंबत राहिली. काकांनी टेप लावली. दोन एकतीस.

"आजोबा, हे तर कमी आहे!"

"बंद असताना पुष्कळ उंच आहे," आजोबा म्हणाले. ते खरंच होतं.

शुक्रवारी रात्री काका जेवले नाहीत. शनिवारी सकाळी त्यांना सुचलं. गेट वर जात नाही ना? गाडी खाली आणू. सहा सेंटीमीटर खाली यायला हवी. चाकांची हवा काढली तर तीन सेंटीमीटर. उरले तीन, आणि वर अर्धा सुटायला हवा, म्हणजे साडेतीन. त्याला वजन. काकांनी पाण्याचे कॅन भरभरून गाडीत ठेवले, काढले, ठेवले, दर वेळी टेप लावली, आणि दुपारपर्यंत हिशेब बसवला : शंभर किलोला अर्धा सेंटीमीटर. म्हणजे सातशे किलो. एवढे कॅन काही बिल्डिंगमध्ये नव्हते, पण माणसं होती.

फक्त जास्त वजनही चालणार नव्हतं. कारण गेटच्या आत लगेच एक गतिरोधक आहे. तुळई काकांच्या कारकिर्दीतली, गतिरोधक सेक्रेटरींच्या. गाडीची टोपी तुळईखाली येते त्याच वेळी पोट गतिरोधकावर येतं. काकांच्या कागदाप्रमाणे सातशे किलोला वर अर्धा सेंटीमीटर सुटत होता आणि खाली एक. कागद इतका देखणा झाला होता की काकांनी तो काकूंना दाखवला.

"आणि माणसं कुठून आणणार?" काकूंनी विचारलं.

"सगळे येतील. मदतीला कोण नाही म्हणतं?"

"मी नाही म्हणते," काकू म्हणाल्या. "मी वरून बघेन."

काका वही घेऊन घरोघर गेले. मदतीला खरंच कोणी नाही म्हटलं नाही. अडचण वेगळी होती. काकांना प्रत्येकाचं वजन हवं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अठ्ठावन्न. मावशी म्हणाल्या, "बावन्न लिहा, लग्नात मोजलं होतं." बँकवाले म्हणाले, "पासष्टच्या वर मी कधी गेलोच नाही," आणि श्वास आत घेतला, आणि काका वही मिटेपर्यंत सोडला नाही. एकेक करत अकरा जण झाले, एकूण सहाशे बावीस. अठ्ठ्याहत्तर किलो कमी पडत होते. काका जिन्यात विचार करत उभे राहिले. बिल्डिंगमध्ये उरलेला एकच माणूस होता.

"मी येईन," सेक्रेटरी म्हणाले. "मदत म्हणून नाही हं. पंच म्हणून. तुळईला ओरखडा आला तर मला जवळून दिसला पाहिजे."

"वजन?"

"किती पाहिजे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"तेवढंच आहे," सेक्रेटरी म्हणाले.

झालं, आकडा पुरा सातशे. आणि ज्या माणसाने चौतीस वर्षं कोणाचाही आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही, त्याने बारा शेजाऱ्यांची वजनं त्यांच्या शब्दावर घेतली. पण तुम्हीच सांगा, एखाद्याच्या घरी वजनकाटा घेऊन जाणार का?

रविवारी सकाळी दहाला चारही चाकांची हवा काढली. गाडी गुडघे टेकल्यासारखी झाली. बारा जण आत चढले. पाच पलंगावर, चौघं बाकावर, मावशी सिंकला टेकून, बँकवाले टेबल होणाऱ्या फळीवर, तर ती टेबल झाली नाही. सेक्रेटरी पुढे काकांच्या शेजारी, मांडीवर रजिस्टर. वॉचमन बाहेर, मान वर करून. काकू गॅलरीत.

"घ्या," वॉचमन म्हणाला. "घ्या. घ्या काका. हळू. जाते... जाते... टोपी गेली आत, काका! बोटभर जागा आहे!"

बोटभर? काकांना त्या क्षणीच शंका यायला हवी होती. कागदावर अर्धा सेंटीमीटर होता. पण माणूस सुखात प्रश्न विचारत नाही. आत टाळ्या पडल्या. आणि टाळ्या संपायच्या आत खालून एक लांब, जड आवाज आला. खर्र्र. गाडी थांबली. काकांनी ॲक्सिलरेटर दिला, गाडी गुरगुरली आणि तिथेच राहिली. मागे घेऊन बघितली, तशीच. सगळा हिशेब वर काय होईल याचा चालला होता, आणि गाडी खालून बसली. पोट गतिरोधकावर, वर तुळई, पुढचा भाग आवारात, मागचा रस्त्यावर. दोन कारकिर्दींच्या मध्ये.

काका खाली उतरले, वाकून टेप लावली, वही काढली, आणि त्यांच्या लक्षात आलं. चेहरा गोरामोरा झाला. ते दाराशी आले.

"गाडीत अडीचशे किलो जास्त आहेत," ते म्हणाले.

आतले सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि लगेच बघायचे थांबले.

"कसले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? तेवढे खाली उतरले की गाडी सुटेल. मात्र तेवढेच. त्याहून जास्त उतरले तर ती वर उचलली जाईल आणि टोपी तुळईला फुटेल."

तर उपाय इतका सोपा. फक्त उतरायचं कोणी? कारण जो उतरेल तोच जास्तीचा, हे उघड होतं. मावशी म्हणाल्या, "मी बावन्न किलोची बाई. मी उतरून काय फरक पडणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या अठ्ठावन्नाने तरी काय होणार? बँकवाल्यांनी पुन्हा श्वास आत घेतला होता आणि ते बोलू शकत नव्हते. काकांनी नुसतं अंदाजाने "तुम्ही चौघं उतरता का?" म्हटलं, तर ते चौघं अजून त्यांच्याशी नीट बोलत नाहीत. साडेअकरा झाले. बारा माणसं गाडीत, आणि एकालाही जागचं हलायचं नव्हतं.

पावणेबाराला वाहतूक खात्याचा माणूस उचलायची गाडी घेऊन आला. त्याने नोटीस बघितली, घड्याळ बघितलं, गाडीचा मागचा भाग बघितला.

"ही रस्त्यावर उभी आहे."

"उभी नाही," काका म्हणाले. "आत जाते आहे."

"कधीपासून?"

"सव्वादहापासून."

त्याने जरा विचार केला. जाणाऱ्या वाहनाला नोटीस लागत नाही हे त्यालाही माहीत होतं. "बारापर्यंत जाऊ द्या," तो म्हणाला आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसला.

एवढ्यात काकू खाली आल्या. हातात फोन. गाडीभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि दारातून आत चढल्या. सगळ्यांनी पोटं आत घेतली. काकूंनी शेगडीवर चहाचं आधण ठेवलं, आणि मावशींना जरा सरकायला सांगून सिंकमध्ये कप विसळायला घेतले. त्या शेगडीवर ठेवलेलं ते पहिलं आधण. वरचा पंखा घुमायला लागला.

काका दारातच उभे होते. हातातली वही भिजली होती, घामाने.

"मी एक सांगतो," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोणास ठाऊक. "गेट मी मोजलंच नव्हतं. गाडी घ्यायच्या आधी. नकाशा काढला, बसल्या जागी वाचला, दोन चाळीस. जागेवर गेलो नाही. माझं चुकलं."

सगळे ऐकत होते. काकूंचा कप विसळायचा आवाज थांबला. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी या आवाजात ऐकलं नव्हतं. भूकंप झाला तरी काका म्हणायचे, जमीन बरोबर होती, घर चुकीच्या जागी होतं.

मग काका पुढे बसलेल्या सेक्रेटरींकडे वळले. "आणि तुमचं कपाट. टेंपो किती होता?"

"दोन त्रेचाळीस," सेक्रेटरी म्हणाले. नऊ वर्षांनी, विचार न करता.

"तीन सेंटीमीटर," काका म्हणाले. "मागची वाट उघडायला हवी होती. तेही माझं चुकलं."

सेक्रेटरींनी मांडीवरचं रजिस्टर उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "माझं अठ्ठ्याहत्तर नाही."

"मग?"

"एकशे सहा."

मागून कोणीतरी हळूच श्वास सोडला. ते बँकवाले होते. "माझं ब्याण्णव," ते म्हणाले, आणि पोट आपोआप जागेवर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग माझं एकोणऐंशी लिहा, पण बाहेर कोणाला सांगू नका. मावशी म्हणाल्या, "माझं तुम्हीच बघून लिहा, मला काटा बघवत नाही." काका भराभर लिहीत होते, बेरीज मारत होते, वजा करत होते. आणि तेवढ्यात बारा वाजले, आणि काकूंचा फोन वाजला.

सगळी गाडी त्या फोनकडे बघायला लागली. वाहतूक खात्याचा माणूससुद्धा उठून उभा राहिला. काकांनी पेन्सिल खाली केली आणि काकूंकडे बघितलं नाही.

"हां बोल गं," काकू म्हणाल्या. एका हाताने त्या चहा गाळत होत्या. "हो, तेच सांगणार होते. ती सीट देऊन टाक कोणाला तरी... नाही, नाही, खरंच नको. आम्ही निघालोयसुद्धा... अगं उद्या कुठलं, आजच... कुठवर पोचलो?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं.

"गेटपर्यंत."

तिकडून धाकटी बहीण बरंच काही विचारत होती.

"नाही गं, दोघंच कुठे, चौदा जण आहोत... हो, मावतात. आता चहा चाललाय... हे ना? हे इथेच आहेत, दारात उभे, हिशेब करताहेत."

त्यांनी पहिला कप काकांच्या हातात दिला, आणि फोन खांद्याने कानाशी धरून साखरेचा आणखी एक चमचा त्यात टाकला, न विचारता.

"बाहेर कधी पडणार?" काकू म्हणाल्या. "अगं थांब जरा. आधी आत तर जाऊ दे."